शिक्षकाचा वेळ कुणाच्या हाती?

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी एक आदेश काढला. शाळेत कोणते कपडे घालून यावे हे त्यात होतेच. शिवाय डॉक्टर नावाआधी ‘डॉ.’ लावतात तसे शिक्षकांनी इंग्रजीत ‘टीआर’ आणि मराठीत ‘टि’ लावावे, अशीही सूचना होती. शिक्षकाची समाजात वेगळी ओळख असावी, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण त्याच महिन्यात त्याच विभागाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शाळेला शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, नवे निकष जाहीर केले. सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून वीसपेक्षा कमी मुले असतील, तर तिथे नियमित शिक्षकाचे पद मंजूर होणार नव्हते. पुढे ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षक दिनीच, कमी पटाच्या शाळांतील दोनपैकी एका जागेवर महिना पंधरा हजार रुपये मानधनाचा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. राज्यभरातल्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. एकाच वर्षातले हे तीन कागद शेजारी ठेवून वाचावेत. एकाने शिक्षकाच्या नावाला अक्षर जोडले आणि उरलेल्या दोघांनी त्याच्या पदालाच हात घातला.

शिक्षकाला मान राहिला नाही, ही तक्रार जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही गावात ऐकू येते. तिची कारणेही ठरलेली असतात. मुले उद्धट झाली, हातात मोबाइल आला, पालक जरा काही झाले की शाळेत भांडायला येतात, छडी गेली आणि धाक गेला. मला ही कारणे वरवरची वाटतात. शिक्षकाशी कसे वागायचे हे मुले घरातल्या आणि गावातल्या मोठ्या माणसांकडून शिकतात, आणि शिकवणे हे कसबाचे काम आहे असे मोठ्यांनीच मानणे सोडले आहे. यात पालक आहेत, संस्थाचालक आहेत आणि सर्वांत पुढे शासन आहे. ज्या कामाला कसब लागते असे आपल्याला वाटते, ते करणाऱ्याचा वेळ आपण जपतो. शस्त्रक्रिया चालू असताना सर्जनला कुणी यादी भरायला बोलावत नाही. शिक्षकाचा वेळ मात्र कुणीही, कधीही, कशासाठीही मागून घेतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मानाचा प्रश्न तपासायचा तर इथूनच तपासायला हवा.

पूर्वी सगळे छान होते, हेही खरे नाही. गावचा जुना पंतोजी लोकांनी दिलेल्या धान्यावर दिवस काढत असे आणि जुन्या मराठी लिखाणात तो बहुधा थट्टेचाच विषय झालेला आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकांचा तुटपुंजा पगार वाढवावा आणि शेतकरी समाजातून शिक्षक तयार करावेत, असे मांडले होते. म्हणजे ही तक्रार एकशे चाळीस वर्षांहून जुनी आहे. ज्या मानाची आज आठवण काढली जाते, तो स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांतला. तेव्हा खेड्यात सही करता येणारी माणसे मोजकी होती. मुंबईच्या गिरणीतून आलेले पत्र वाचून दाखवणारा, तहसीलदाराकडे जाणारा अर्ज लिहून देणारा आणि पुष्कळ गावांत टपालाची शाखाही सांभाळणारा माणूस म्हणजे गुरुजी. त्या मानात कृतज्ञता होती आणि गरजही होती. आज त्याच गावात इंजिनिअर आहेत, नर्स आहेत, शहरात नोकरी करणारी पोरे आहेत. अक्षरओळख ही एकट्या गुरुजींची मिरास राहिली नाही, आणि ते शिक्षकांच्याच मेहनतीचे फळ आहे. त्या कारणाने मिळणारा मान ओसरणे साहजिक होते. त्याच्या जागी शिकवण्याच्या कसबाविषयीचा आदर यायला हवा होता, तो मात्र आला नाही.

हे कसब खानदेशात जितके लागते तितके क्वचितच कुठे लागत असेल. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, साक्री या तालुक्यांतली कितीतरी मुले घरी अहिराणी बोलतात. त्यांच्या बोलीत ‘मना’ म्हणजे ‘माझा’, आणि पुस्तकातल्या कवितेत ‘मना’ आले की ते मनाला उद्देशून असते. मूल अडखळते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. ते आपल्या भाषेप्रमाणे बरोबर वाचत असते. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर तर पावरा मुलांना पहिलीत येईपर्यंत मराठी फारशी कानावर पडलेली नसते. तिथला शिक्षक एकाच वेळी भाषा आणि अक्षर दोन्ही शिकवतो, तेही पुष्कळदा दोन किंवा तीन इयत्ता एका खोलीत बसवून. दिवाळीनंतर ऊसतोडीला, कापूस वेचायला आईबाप गुजरातच्या बाजूला निघाले की पट निम्म्यावर येतो; होळीच्या आसपास मुले परततात तेव्हा आधीचे बरेचसे विसरलेली असतात. अशा वर्गात चौथीपर्यंत प्रत्येक मूल सरळ वाचू लागले, तर त्यामागे किती निरीक्षण, किती युक्त्या आणि किती चिकाटी लागली असेल याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. पहिलीच्या वर्गाला शिकवणे म्हणजे काय, तिथे कुणीही चालेल, असे शिकलेली माणसेही सहज बोलून जातात.

शासनाचीही धारणा याहून वेगळी नाही. राज्यात २००० सालापासून शिक्षण सेवक योजना आहे. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे पूर्ण पगाराऐवजी मानधनावर काम करायचे, अशी ती योजना. कित्येक वर्षे प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना सहा हजार रुपये मिळत होते. उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर २०२३ मध्ये ते मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार झाले. वाढ झाली हे चांगलेच. पण या तीन आकड्यांचा क्रम बघा. मूल जितके लहान, तितके त्याला शिकवण्याचे मोल कमी. वाचन-लेखनाचा पाया जिथे घातला जातो, तिथलाच शिक्षक सर्वांत स्वस्त. फिनलंडने १९७०च्या दशकाच्या अखेरीस याच्या उलट ठरवले. तिथे प्राथमिकच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करावे लागते, आणि त्या अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच प्रवेश मिळतो. तिथले पगार डोळे दिपवणारे नाहीत. तरी हुशार मुलांना शिक्षक व्हावेसे वाटते, कारण वर्गात काय आणि कसे शिकवायचे हे ठरवण्याचा अधिकार शिक्षकाला असतो आणि त्यात कुणी ढवळाढवळ करत नाही.

आपल्याकडे ढवळाढवळ वेळेपासूनच सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ अगदी स्पष्ट आहे. दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला शिक्षणाबाहेरचे काम देता येत नाही. निवडणुकीच्या कामाबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सेंट मेरीज स्कूलच्या खटल्यात मतदार यादीची कामे सुटीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, असे म्हटले होते. तरी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमलेला शिक्षक वर्षभर घरोघरी हिंडतो. करोनाच्या काळात शिक्षक सर्वेक्षणासाठी दारोदार फिरले, आणि ते संकट सगळ्यांचे होते म्हणून त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये. पण संकट सरल्यावरही सर्वेक्षणे सरली नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाला पुन्हा शिक्षकच जुंपले गेले. याशिवाय रोजचे काम आहेच. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, ‘यू-डायस’ या शाळांच्या नोंदप्रणालीची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधारची पडताळणी, आणि आधार जुळले नाही तर ते मूल संचमान्यतेत धरले जाणार नाही ही टांगती तलवार. व्हॉट्सॲपवर सकाळी दहाला आदेश येतो आणि दुपारी दोनपर्यंत माहिती मागितली जाते. दोनशिक्षकी शाळेतला एक जण तालुक्याला बैठकीला गेला की उरलेल्याने चार इयत्ता सांभाळायच्या. २०२४ मध्ये शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची यादी काढली, म्हणजे तक्रार खरी आहे हे शासनालाही मान्य आहे. पालक मात्र रोज बघतो ते इतकेच की गुरुजी वर्गात कमी आणि कागदांत जास्त असतात. त्याच्या मनातली किंमत तिथेच घसरते.

यावर खानदेशात एक उत्तर हमखास मिळते आणि ते साने गुरुजींच्या नावाने दिले जाते. त्यांनी सर्वस्व दिले, आजचे शिक्षक पगार मोजतात. ही तुलना करणाऱ्यांनी अमळनेरची ती वर्षे नीट पाहावीत. तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांसाठी ते हाताने लिहून रोजचे दैनिक काढत, पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढले, मुलांच्या खोल्या झाडल्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसले. हे सगळे त्यांच्या थोर स्वभावातून आले हे निर्विवाद. पण स्वभावाला अवकाश लागतो, आणि तो त्यांना मिळाला होता. त्यांची सकाळ, दुपार आणि रात्र मुलांची होती. वर्ग चालू असताना त्यांना कुणी गावच्या घरांची मोजणी करायला पाठवले नाही. १९३० मध्ये देशाचे दुसरे काम हाती घ्यायचे त्यांनी ठरवले, तेव्हा त्यांनी शाळा सोडली. तुरुंगवास पत्करला, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेतली. ज्यांना अवघा महाराष्ट्र गुरुजी म्हणतो, त्यांची शाळेतली नोकरी जेमतेम सहा वर्षांची होती. ती सहा वर्षे पूर्णपणे मुलांना देता आली म्हणून ती इतकी मोठी ठरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला त्यांचेच नाव होते. त्यांच्या नावाचा असा गौरव करणाऱ्या समाजाने त्यांच्या कामाची परिस्थिती आजच्या शिक्षकाला देऊ नये आणि वर त्यांच्या त्यागाचा दाखला देऊन त्याला गप्प करावे, हे मला अन्यायाचे वाटते.

वेळेइतकाच घात नोकरीच्या दारात होतो. अनुदानित संस्थेत जागा हवी तर लाखांच्या घरात ‘डोनेशन’ मोजावे लागते, हे खानदेशातल्या घराघरांत माहीत आहे. त्यासाठी वावर विकले जाते, मुलाच्या लग्नाच्या बोलणीत तो खर्च धरला जातो. शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल आल्यापासून या व्यवहाराला काही आळा बसला, पण तो संपला असे म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही. २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा उघड झाला, परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली, आणि २०१९-२०च्या परीक्षेतल्या सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर कारवाई करावी लागली. पैसे देऊन मिळालेली जागा गावाच्या नजरेत जागाच राहते, तिला गुरूचे आसन कुणी मानत नाही. आणि जे पैसे देत नाहीत, देऊ शकत नाहीत, त्यांची अवस्था काय? डीएड-बीएड करून दहा-दहा वर्षे भरतीची वाट पाहिलेली पोरे शेतमजुरी करताना दिसतात. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांना वीस टक्के, चाळीस टक्के अशा अनुदानाच्या टप्प्यांसाठी आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा बसावे लागले. महाविद्यालयांत पीएचडी झालेली माणसे तासिका तत्त्वावर राबतात आणि त्यांचे मानधन महिनोन्‌महिने थकते. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांतल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन केले, कारण त्यांच्या जागा बाहेरच्या कंपनीमार्फत भरायचे ठरले होते. ज्या तरुणाने आपल्या मास्तरला उपोषणाला बसलेले पाहिले, त्याला त्या पेशाविषयी काय वाटावे?

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप असा की, कायम शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे भरघोस पगार आहे, तरी तो नेमणुकीच्या गावी राहत नाही, जळगावात किंवा धुळ्यात घर करून रोज ‘अप-डाउन’ करतो, प्लॉटचे आणि विम्याचे जोडधंदे करतो, आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालतो. यात तथ्य आहे. असे शिक्षक आहेत आणि त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाही. २०२२ मध्ये मुख्यालयी राहण्याचा मुद्दा विधानसभेत गाजला आणि वर्गात शिक्षकांचे फोटो लावण्याचा आदेश निघाला, तो याच संशयातून. पण कामचुकारांना शोधायची सोय आधीपासूनच आहे. केंद्रप्रमुख आहे, विस्तार अधिकारी आहे. या दोन पदांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवायच्या आणि मग सगळ्यांचेच फोटो भिंतीवर लावायचे, याने कामचुकार सुधारत नाही आणि प्रामाणिक माणूस दुखावतो. तलाठी आणि ग्रामसेवकही तालुक्याहून ये-जा करतात. त्यांच्या छायाचित्रांचा आदेश निघाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप निकालाचा. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो. मुलांना वाचता येत नसेल तर शिक्षकाला मान कशाचा द्यायचा, असा हा प्रश्न आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शिकवणे हे कसब आहे असे म्हणणाऱ्याने त्या कसबाची पारख होऊ द्यायला हवी. म्हणून शिक्षक संघटना मूल्यमापनाच्या प्रत्येक प्रस्तावाला विरोध करतात, तेव्हा त्या आपल्याच पेशाचे नुकसान करतात, असे माझे मत आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला मध्येच नवी अट लावणे कठोर आहे, आणि सरकारने त्यातून मार्ग काढायला हवा. पारख व्हावी हे तत्त्व मात्र मला योग्य वाटते. फक्त ती वर्गात बसून, मुलांचे वाचन ऐकून व्हावी. शिवाय वाचनाच्या त्या आकड्याला शिक्षकाकडून काढून घेतलेले दिवस जबाबदार नाहीत, असे कोण म्हणेल?

तिसरे म्हणणे असे की समाज चांगल्या शिक्षकाला मान देतोच. लातूर-कोट्याच्या क्लासवाल्यांचे फलक चौकाचौकात लागतात आणि दर वर्षी आदर्श शिक्षक पुरस्कारही दिले जातात. क्लासचे उदाहरण खरे तर माझ्याच बाजूचे आहे. क्लासमध्ये शिकवणाऱ्याच्या एका तासाची किंमत पालकांना आणि मालकाला रुपयांत ठाऊक असते, म्हणून त्याचा तास कुणी वाया जाऊ देत नाही. पुरस्काराचे म्हणाल तर त्यासाठी शिक्षकाने स्वतःच अर्ज करायचा, स्वतःच्या कामाचे फोटो आणि प्रमाणपत्रे जोडून जाडजूड फाइल तयार करायची असते. वर्गात बुडालेल्या माणसाला हे जमत नाही, आणि रुचतही नाही. राहिली छडी. मारण्याला कायद्याने मनाई झाली म्हणून मान गेला असे मानणारे धाकालाच आदर समजतात. पावरा पोराला त्याच्या भाषेत हाक मारून पाटीपाशी आणणाऱ्या शिक्षिकेला छडीची गरज कधी पडली नसेल.

करण्यासारखे एक काम जळगाव आणि धुळ्यात लगेच करता येईल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. बहुतेक गावांत या समितीची सभा पोषण आहार आणि शाळेच्या रंगकामापलीकडे जात नाही. समितीने दर महिन्याच्या सभेत एक नोंद करावी: या महिन्यात कोणत्या शिक्षकाला, कोणत्या तारखांना, कोणाच्या आदेशाने वर्गाबाहेर काढले गेले आणि त्या वेळी मुले कोणाकडे होती. विनापरवाना गैरहजर राहिलेल्या शिक्षकाचे दिवसही त्याच नोंदीत यावेत, म्हणजे पक्षपात होणार नाही. ती नोंद शाळेच्या फलकावर लागावी, तिची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जावी, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने दर तीन महिन्यांनी तालुकावार बेरीज जाहीर करावी. कलम २७ मध्ये न बसणारा आदेश कोणत्या कार्यालयातून निघाला ते त्यात नावानिशी दिसेल, आणि तो आदेश परत घ्यायला सांगण्याचा ठराव करण्यापासून पालकांना कुणी अडवू शकत नाही. यासाठी नवा निधी लागत नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवावी लागते.